बांधणारा वेगळा, बघणारा वेगळा

हूकमास्तरांना सही करताना आपलं खरं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागे. शाळेशी त्यांचं लहानपणीच फाटलं होतं, पण रस्त्यात बंद पडलेली गाडी आपल्या ट्रकच्या हूकला लावून ते अशी ओढून आणत, की उशिरा आलेल्या पोराचा कान धरून कुणी वर्गात नेतंय असं वाटावं. गाव त्यांना मास्तर म्हणू लागलं, आणि गावाने एकदा नाव ठेवलं की ते माणसाला मरेपर्यंत चिकटतं. मास्तरांची त्याला हरकत नव्हती. उलट आतून बरंच वाटायचं.

त्यांचं गॅरेज गावाबाहेर, जिथे सपाट रस्ता संपून घाट सुरू होतो तिथे होतं. जागा वडिलांनी निवडलेली. म्हातारा हुशार होता. गाड्या सपाटीवर मिरवतात आणि चढावर रडतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पत्र्याची शेड, खिडकीपाशी लोखंडी शिकंजा लावलेलं लाकडी टेबल, मागच्या खोलीत स्टोव्ह आणि काळीठिक्कर किटली. वडिलांनी मागे दोन पोरं ठेवली आणि एक नियम ठेवला: बांधणारा वेगळा, बघणारा वेगळा. ज्याने गाडी हूकला बांधली त्याने ती तपासायची नाही. दुसऱ्याने भोवती फेरी मारायची, प्रत्येक चाकाला, प्रत्येक साखळीला हात लावायचा, आणि मगच निघायचं. आपली चूक आपल्याला दिसत नाही, कारण आपण ती बरोबर समजूनच केलेली असते, असं म्हातारा म्हणायचा.

मास्तर बांधायचे आणि ताई बघायची. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती थेट गॅरेजमध्येच, आणि वर्षभरात तिच्या आवाजाला ट्रकवाले टरकू लागले. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण नजरेतून सैल नट सुटत नसे. अशी जोडी होती, आणि काम झकास चाललं होतं.

मग तो गुरांच्या डॉक्टरांच्या गाडीचा प्रकार झाला.

ताई त्या दिवशी तापाने फणफणली होती, म्हणून मास्तर एकटे गेले. डॉक्टरांची गाडी डोंगरापलीकडे बंद पडलेली. मास्तरांनी गियर काढला, खांदा लावून ढकलून पाहिलं, गाडी लोण्यासारखी सरकली. हाताने सरकते ती ओढता येते, हा त्यांचा ठोकताळा, आणि आजवर तो कधी चुकला नव्हता. त्यांनी पुढची दोन चाकं हूकने उचलली, मागची दोन रस्त्यावर सोडली, आणि घाट उतरून गाडी घेऊन आले. वाटेत जळका वास आला तेव्हा वाटलं, आपल्याच ट्रकचे ब्रेक तापलेत. गॅरेजात पोचल्यावर गाडीच्या पोटाखालून धूर निघताना दिसला.

ती गाडी चारही चाकांना ताकद देणारी होती. मागे तसं लिहिलेली पट्टी असते, ती रंगकामाच्या वेळी निघून गेली होती. अशा गाडीची पुढची आणि मागची चाकं आतून एका दांड्याने बांधलेली असतात आणि दांड्याच्या वाटेत एक जोड असतो. हाताने चार पावलं ढकलली तर चारही चाकं सोबत फिरतात, त्यामुळे काही कळत नाही. पण पुढची चाकं हवेत जखडून मागची पळवली, तर तो बिचारा जोड दोघांच्या भांडणात भरडला जातो. तसा तो भरडला गेला.

डॉक्टर भला माणूस. "होतं हो मास्तर," एवढंच म्हणाले. पण सुटा भाग येईपर्यंत त्यांची गाडी उभी राहिली, आणि त्या काळात वरच्या वस्तीत एक गाय विताना अडून मेली. गाडी असती तर डॉक्टर पोचले असते का, हे कुणालाच सांगता आलं नसतं. कुणी मास्तरांना बोललंही नाही. मास्तरांनी स्वतःच स्वतःला बोलून घेतलं, आणि त्या बोलण्यापुढे गावाचं बोलणं परवडलं असतं.

त्यानंतर ते रस्त्यावर गेले नाहीत. ताईने हूकचा ट्रक बाजूला लावला आणि फळ्याची गाडी आणली. म्हणजे जिची पाठ मागे कलून जमिनीला टेकते, तारेने गाडी पूर्ण वर ओढून घ्यायची, चारही चाकं फळ्यावर, डोक्याला ताप नाही. ती गाडी ताई एकटीच चालवायची. मास्तर खिडकीपाशी बसून जॅक दुरुस्त करायचे. जॅक इतके दुरुस्त झाले की त्यांच्यात बिघडायचं त्राण उरलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. ताई उठताबसता म्हणायची, "अरे, माझा विश्वास आहे तुझ्यावर. जा की एखाद्या फोनला." मास्तर मान हलवायचे. कारण त्यांना एक गोष्ट माहीत होती, जी त्यांना माहीत आहे हे ताईला माहीत नव्हतं. गॅरेजच्या आवारात त्यांनी एखादी गाडी फळ्यावर पट्ट्याने आवळली, की ताई काहीतरी आणायच्या निमित्ताने मागाहून जायची आणि तो पट्टा गुपचूप ओढून बघायची. पूर्वीही ती बघायचीच. पण तेव्हा समोर, मोठ्याने, शिव्या घालत बघायची. हे चोरून बघणं वेगळं होतं. ते मास्तरांना काळजात टोचायचं, आणि तक्रार करायला तोंड नव्हतं.

आता ताईचा खांदा गेला होता. हात वर उचलला की ती दात आवळायची. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखळ्या ओढणं बंद करा, नाहीतर केस विंचरायलाही दुसरा हात शोधावा लागेल. ताईने सांगून टाकलं होतं, "हा उन्हाळा ओढते. पुढे तू निघालास तर निघालास. नाहीतर ट्रक देऊन टाकू, शेडला कुलूप लावू, आणि दोघं समोरासमोर बसून एकमेकांची तोंडं बघू." मास्तरांनी पुढचा जॅक ओढून घेतला होता. पण शेडशिवाय आपण कोण, हा प्रश्न त्यांना जेवताना, आंघोळ करताना, जॅकमध्ये तेल भरताना येऊन छळायचा.

अशात एका सकाळी फोन आला. ताईने स्पीकर लावला, कारण तिला फोन कानाशी धरायचा म्हटलं तरी खांदा आडवा यायचा.

पलीकडून एक बाई घाईघाईने बोलत होती. तिचा मधमाश्यांचा धंदा होता. खाली फुलोरा सरला, वर पठारावर नुकता सुरू झाला, म्हणून पेट्या ट्रेलरवर घालून ती उजाडताच निघाली होती. घाटाच्या मधोमध गाडी हिसके देऊ लागली, लाल दिवा लागला, जळका वास आला. "पेट्यांची दारं बंद आहेत हो," ती म्हणाली. "ऊन वर आलं की आत माश्या उकडून मरतील. आणि रस्त्यात उघडल्या तर हजारो माश्या भलत्याच जागेला घर समजून बसतील. काय करू?"

"गाडी कुठली?" ताईने विचारलं. मधवालीने सांगितलं. चारही चाकं ओढणारी.

खिडकीपाशी जॅकवरचा हात थांबला. "टायर विचार," मास्तर खाली बघत पुटपुटले.

"टायर कसे आहेत?"

"टायर? चांगले आहेत की. पुढचे दोन तर गेल्या आठवड्यातच नवे घातले."

"आणि मागचे?"

"मागचे जुनेच."

ताईने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पाहिलं नाही, पण मान हलवली. नवे टायर भरलेले, जुने झिजलेले; चाकांच्या घेरात फरक पडला. मधल्या जोडाला वाटतं कुठलंतरी चाक घसरतंय, आणि तो सारखा झटत राहतो. त्यात मागे ट्रेलर आणि वर चढ. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

"आलेच," म्हणून ताईने फोन ठेवला आणि टोपी डोक्यावर दाबली. "चल."

"मी कशाला?"

"वर पठारावर सगळी शेतं कुंपणाची, फाटकातून ट्रेलर उलटा घालायला लागेल. मला ट्रेलर मागे घेता येत नाही, तुला माहितीय. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवते, तो डावीकडे जातो. मेला अगदी माझ्या नवऱ्यावर गेलाय."

मास्तरांना हसू आलं आणि तेवढ्यात ते फसले. "नुसता फाटकाशी हात लावीन," ते म्हणाले. "वाटेत मी काही बांधणार नाही."

"नको बांधूस. बस गुपचूप."

घाटाच्या एका लांब चढावर मधवालीची गाडी कडेला उभी होती. तिशीतली बाई, बाह्या कोपरापर्यंत, केसांत गवताची काडी. ती ट्रेलरवर चढून पेट्यांच्या जाळीवर पाणी शिंपडत होती. पेट्यांमधून आवाज येत होता; गुणगुण नव्हे, मोठ्या भांड्यात आधण उकळावं तसा.

"ऐकताय?" ती म्हणाली. "हा पंखांचा आवाज. आतली हवा गार करायला झटतायत. हा आवाज वाढला तर ठीक. एकदम बंद पडला तर संपलं." मग ती खाली उतरली आणि तिचा चेहरा जरा उजळला. "पण ताई, लाल दिवा गेलाय! आत्ताच चालू करून बघितली. छान सुरू होते. हळूहळू नेऊ का? किंवा तुम्ही पुढून दोराने ओढा, मी मागे स्टिअरिंग धरते. लवकर होईल."

ताई उत्तर देण्याआधी मास्तरच बोलले, आणि आपला आवाज ऐकून स्वतःच दचकले. "दिवा गेला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, पोरी. ती जरा थंड झालीय इतकंच. पुढच्या वळणावर पुन्हा तापेल, आणि आज तापला तो जोड उद्या जळेल. दोराने ओढली तर तोच जोड, तोच चढ. हिला फळ्यावरच न्यायची. चारही चाकं वर."

"वेळ लागेल."

"लागेल," मास्तर म्हणाले.

मधवालीने पेट्यांकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. वेळ कमी असताना वाद घालू नये, हे तिला माश्यांनीच शिकवलं असावं.

मग ताईने कामाचा फडशा पाडायला घेतला. ट्रेलरच्या चाकांना दगड लावले, ट्रेलर सोडवला, गाडी तारेने फळ्यावर चढवली, चारही चाकांना पट्टे आवळले. मास्तर वळणावर उभं राहून खालून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत होते. तेवढं चालण्यासारखं होतं. हात दाखवून कुणाचा जोड जळत नाही. मग ताईने ट्रक मागे घेतला, ट्रकच्या शेपटीला असलेला लोखंडी गोळा ट्रेलरच्या नाकाखाली आणला आणि नाक त्यावर उतरवलं. नाकाच्या टोकाला वाटी असते, ती गोळ्यावर बसते, मग वरची मूठ खाली दाबली की आतला खटका गोळ्याला धरतो. ताईने डाव्या हाताने मूठ दाबली, साखळी अडकवली, कपाळावरचा घाम पुसला आणि ट्रकमध्ये चढली. इंजिन सुरू झालं.

"दगड काढ आणि बस!" तिने खिडकीतून ओरडून सांगितलं.

मास्तर दगड काढायला वाकले. वाकताना त्यांची नजर नाकाकडे गेली. मूठ खाली होती. सगळं ठीक दिसत होतं. पण वाटी गोळ्यावर बोटभर उंच बसली आहे असं त्यांना वाटलं.

वाटलं, एवढंच. डोळ्यांत घाम होता, ऊन सरळ लोखंडावर पडलं होतं. त्यांनी पुन्हा पाहिलं. आता ठीक वाटली. परत पाहिलं, पुन्हा उंच.

ताईच्या हातून दोन वर्षांत एक चूक झाली नव्हती. आणि मी कोण? मास्तरांच्या मनात आलं. मी धूर निघेपर्यंत वास न ओळखणारा. थांबवावं आणि काहीच नसावं, आणि तेवढ्या वेळात पेट्या गप्प पडाव्यात, मग? मग माश्याही माझ्याच नावावर. दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. मास्तरांनी तर दोन वर्षांत पेलाच हातात घेतला नव्हता. दगड काढावा आणि निमूट बसावं. तिने बांधलंय ना, तीच बघेल.

आणि इथे त्यांचा हात दगडावर थबकला. तीच बघेल? असं कधीपासून?

"बांधलं कोणी?" त्यांनी विचारलं. इंजिनाच्या घरघरीत ते विरून गेलं. ते उभे राहिले आणि पुन्हा ओरडले, "ताई! बांधलं कोणी?"

"मी! आणखी कोण? काढ ना दगड!"

"तू बांधलंस तर बघणार मी. इंजिन बंद कर."

खिडकीतून ताईचं डोकं बाहेर आलं. ती काहीतरी तिखट बोलणार होती, पण भावाचं तोंड बघून तिने चावी फिरवली. घाट एकदम शांत झाला. फक्त पेट्या घोंघावत होत्या.

मास्तर नाकापाशी बसले. ट्रेलरच्या नाकाखाली एक छोटा जॅक असतो, दांडा फिरवून नाक वरखाली करायला. त्यांनी दांडा धरला आणि फिरवू लागले. खटका लागला असेल तर नाकाबरोबर ट्रकची शेपटीही वर उचलली जाते. दोघं एकच झालेले असतात. त्यांनी चार वेढे फिरवले. ट्रकची शेपटी जागची हलली नाही. ट्रेलरचं नाक मात्र शांतपणे गोळ्यावरून वर उठलं आणि तसंच हवेत राहिलं. मध्ये हाताचा पंजा जाईल एवढी फट.

खटका गोळ्याच्या वरच मिटला होता. नाक गोळ्यावर नुसतं टेकलं होतं, टोपी काठीवर ठेवावी तसं. पहिल्या खड्ड्यात ते उडालं असतं. साखळी एक हिसका सोसून तुटली असती, नाहीतर नाक रस्त्यात रुतलं असतं. आणि खाली, चढाच्या पायथ्याशी, चहाची टपरी होती. येताना तिच्या बाकांवर माणसं बसलेली दोघांनी पाहिली होती.

ताई उतरून मागे आली. तिने फट पाहिली. मग ती रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसली. "मूठ दाबली होती मी," ती म्हणाली. "आवाजही आला खट करून."

"आवाज येतोच. आत काही सापडलं नाही तरी येतो."

"डाव्या हाताने दाबली. उजवा उचलवत नाही." तिने दुखरा खांदा दाबून धरला. "दोन वर्षं मी एकटी फिरतेय. बांधणारी मी, बघणारी मी. किती वेळा असं..." ती थांबली. "आणि तुझे पट्टे मात्र..."

"ओढून बघतेस. माहितीय मला."

ताईने वर पाहिलं. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू पान्हा आणायला जायचीस आणि पान्हा न घेता यायचीस."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"काय बोलू? गाडी जाळली होती मी."

"मी आज दोन-चार माणसं मारली असती," ताई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. रस्त्यावर, भर उन्हात, परक्या बाईसमोर. नवरा गेला तेव्हाही मास्तरांनी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिच्या शेजारी बसावं, तिच्या न दुखणाऱ्या खांद्यावर हात ठेवावा असं त्यांना फार वाटलं. आणि त्याच वेळी, लाज वाटावी इतकं, त्यांना आतून हलकं वाटत होतं. चूक ही काही आपल्या एकट्याच्या घरी मुक्कामाला आलेली नव्हती. ती दारोदार फिरणारी होती.

"अहो," मधवाली ट्रेलरवरून म्हणाली, "तुमचं बहीणभावाचं मला पटतंय सगळं. पण माझ्या माश्या उकडतायत!"

ताई नाक ओढत हसली आणि उठली.

मास्तर मात्र नाकाकडे बघत होते. त्यांनी ते हाताने उचलून पाहिलं. एवढ्या भरल्या ट्रेलरचं नाक एका हाताला यायला नको होतं. "पेट्या सगळ्या मागे का लावल्यात?"

"वर गेल्यावर उतरवायला सोप्या पडतात म्हणून."

"म्हणूनच. शेपूट जड, नाक हलकं. नाक असं तरंगतं म्हणून वाटी गोळ्यावर नीट दबली नाही. आणि येताना तुमच्या गाडीचंही ढुंगण उचललं जात असेल. मागची चाकं रस्त्याला पकडायची कशी? ट्रेलर डुलत होता ना?"

"होता," मधवाली ओशाळून म्हणाली. "मला वाटलं वारा आहे."

वजन चाकांच्या पुढे जास्त हवं, म्हणजे मागच्या काही पेट्या उचलून पुढे आणायच्या. आणि इथे एक अडचण निघाली, जी मास्तरांनी जन्मभर ताकास तूर लागू न देता लपवली होती. ते माश्यांना घाबरत. दरीत लटकलेल्या ट्रकखाली शिरणारा हा माणूस पेटीपासून चार हात लांब उभा होता आणि पुढे यायला तयार नव्हता. मधवालीने आपली जाळीची टोपी त्यांच्या डोक्यावर घातली. ताईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि इतकी हसली, की एवढ्या वेळात पहिल्यांदा तिचा चेहरा ओळखीचा वाटला. "नवरदेव दिसतोयस," ती म्हणाली. मास्तरांनी डोळे मिटून पेटी उचलली. तिच्यातली थरथर कोपरापर्यंत चढली. ती त्यांनी पुढे नेऊन ठेवली, मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या वेळी डोळे उघडे होते.

नाक पुन्हा गोळ्यावर उतरवलं. या वेळी मूठ मास्तरांनी दाबली, आणि जॅकचा दांडा ताईने फिरवला. नाकाबरोबर ट्रकची शेपटी वर आली. साखळ्या नाकाखालून एकमेकींवर आडव्या घेतल्या, म्हणजे नाक सुटलंच तर झोळीत पडेल, रस्त्यावर नाही. मग दगड काढले.

थोडं वर गेल्यावर ताईने ट्रक आपणहून कडेला घेतला. मास्तर उतरले, ट्रेलरच्या चाकांच्या मध्यावर तळवा टेकवून पाहिला, पट्टे, साखळ्या, खटका पाहिला. चाकं कोमट होती, हात ठेववत होता. "चल," ते म्हणाले. मध्ये बसलेली मधवाली सारखी मागे कान लावून होती. आवाज चालू होता.

पठारावरचं फाटक अरुंद निघालं, आणि वाट त्याला काटकोनात. मास्तर स्टिअरिंगवर बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या प्रयत्नात ट्रेलर कुंपणाकडे गेला. त्यांनी ट्रक पुढे घेतला, हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला. तिथे धरलं की हात जिकडे जातो, ट्रेलरही तिकडेच जातो. मुंगीच्या पावलाने मागे येत त्यांनी तो फाटकातून आत घातला. एका बाजूला बोट जाईल एवढी जागा, दुसऱ्या बाजूला दोन बोटं.

मधवालीने पेट्यांची दारं उघडली. एका पेटीच्या तळातून मूठभर मेलेल्या माश्या निघाल्या. त्या तिने हळूच गवतात ठेवल्या. बाकीच्या पेट्यांतून माश्या आधी एकेक, मग ओंजळीने, मग सांडल्यासारख्या बाहेर आल्या आणि डोक्यावर गोल गोल फिरू लागल्या. "नवी जागा पाठ करतायत," ती म्हणाली. पेट्यांचा आवाज उतरत उतरत गुणगुणीवर आला. ती गवतात मटकन बसली आणि तोंड ओंजळीत घेऊन हसली की रडली, ते तिचं तिलाच ठाऊक.

ती माश्यांपाशीच थांबणार होती. तिची गाडी खाली गॅरेजात न्यायची होती. "मागचे दोन टायर पुढच्यांसारखे घ्या, तोवर हिला ट्रेलर लावू नका," मास्तरांनी बजावलं. "आणि पुन्हा कुणी उचलायला आलं, तर आधीच सांगा की चारही चाकं ओढणारी आहे. ढकलून बघून कळत नाही." शेवटचं वाक्य त्यांनी गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत सांगितलं.

चढावर आवळलेले पट्टे धक्क्यांनी जरा सैल झाले होते. मास्तरांनी फळ्यावर चढून चारही पुन्हा आवळले. खाली उतरतात तोच ताई समोर उभी.

"तू आवळलेस ना? मग सरक बाजूला," ती मोठ्याने म्हणाली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गाडीभोवती फिरली, एकेक पट्टा ओढला, एकाला शिवी घातली आणि तो चक्रीवर आणखी एक दात घट्ट करायला लावला. मास्तरांनी तो केला. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग ताई चालकाच्या दाराकडे न जाता दुसऱ्या बाजूने चढली. "खांदा दुखतोय," ती म्हणाली. मास्तर पुढून वळसा घालून गेले. स्टिअरिंगवर बसले.

उतार सुरू झाला. "खालचा गियर धर," ताई म्हणाली. "धरलाय." "ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, तापतील. मधूनमधून दाब." "ताई, मी हा घाट तुझ्याआधीपासून उतरतोय." "म्हणून काय झालं? त्या टँकरपासून लांब राहा." पहिलं वळण असं पार पडलं. दुसऱ्या वळणावर ती काही बोलली नाही. मास्तरांना वाटलं, चिडली. तिसऱ्या वळणावर दरी डाव्या हाताला उघडली, मागे फळ्यावर परक्याची गाडी, खाली सगळा घाट पसरलेला, आणि ताई तरीही गप्प. त्यांनी चोरून बघितलं.

ताई झोपली होती. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड उघडं, दुखरा हात मांडीवर पालथा पडलेला. ती घोरत होती.

मास्तरांनी पुढे रस्त्यावर नजर लावली. रस्ता जरा धूसर दिसू लागला, तसे त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि वेग आणखी कमी केला. मागून एक मोटार भोंगा वाजवत आली. त्यांनी ट्रक कडेला दाबला, खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिला पुढे जायची खूण केली.

"जा बाबा, तू हो पुढे," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्याकडे माणूस झोपलंय."